निघायची तारीख पोचायच्या बंदरावरून ठरते

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की वीस वर्षं मालवाहू जहाजांवर नोकरी केल्यानंतर आता मी मित्रांच्या शिडाच्या बोटींवर खलाशी म्हणून जातो, आणि गोवा ते मालदीव दोनदा झालंय. त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. बडोद्यात समुद्र नाही असं आपण म्हणतो खरं, पण खंभातचं आखात पाऊणशे किलोमीटरवर आहे आणि ओखा बंदर तर बडोदा संस्थानानंच उभारलेलं, तेव्हा आपल्या गावातल्या लोकांना दर्याची ओढ वाटली तर मला त्यात नवल वाटत नाही, उलट फार बरं वाटलं.

प्रश्न: काका, आम्ही तीन मित्रांनी मिळून गोव्यात एक ३८ फुटी सेकंडहँड सेलबोट घेतलीय. गोवा, मालदीव, मग मॉरिशस असं करायचंय. ऑफिसातून डिसेंबर ते मार्च सुट्टी मिळतेय. १ डिसेंबरला निघून मार्चअखेर मॉरिशसला पोचू, बोट तिथं ठेवू आणि विमानानं परत. प्लॅन बरोबर आहे ना? (वाघोडिया रोड)

अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा धोक्याचा आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

तुम्ही सुट्टी कधी मिळते ते बघितलं आणि तिथून पुढं मोजत गेलात. सगळेच असं करतात, मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. पण समुद्रावर उलटं मोजायचं असतं, म्हणजे शेवटच्या बंदरात कोणत्या महिन्यात पोचणं सुरक्षित आहे ते आधी बघायचं आणि तिथून मागं येत येत निघायची तारीख काढायची. मॉरिशसच्या आसपास, म्हणजे दक्षिण हिंदी महासागरात, चक्रीवादळांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तुम्ही मार्चअखेर पोचणार म्हणजे शेवटचे दीड हजार मैल बरोबर त्या मोसमात कापणार. ३८ फुटी बोट ताशी पाच नॉट चालली तर दिवसाला १२० नॉटिकल मैल होतात, वादळाची बातमी कळल्यावर त्याच्या वाटेतून बाजूला व्हायला एवढा वेग पुरतोच असं नाही.

आता वारं बघा. नोव्हेंबर ते मार्च अरबी समुद्रावर ईशान्येचे वारे असतात, त्या वाऱ्यावर गोव्याहून दक्षिणेला जाणं म्हणजे उताराची वाट. उत्तर मालदीवमधलं उलिगन गोव्यापासून साधारण पाचशे मैल, म्हणजे चार-साडेचार दिवस, तुम्ही सहा धरा. तिथून अगदी दक्षिणेचं गान आणखी पावणेपाचशेच्या आसपास. गान विषुववृत्ताच्या जेमतेम खाली आहे, आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच अंशांच्या आत चक्रीवादळ सहसा तयार होत नाही कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जी पीळ बसते ती तिथं फारच कमी असते. म्हणून थांबायचं असेल तर तिथं थांबायचं. मे महिन्यात दक्षिणेचे आग्नेय वारे स्थिर झाले की मग गानहून मॉरिशस, पंधराशे मैल, बारा-तेरा दिवस, वारा सतत डाव्या अंगानं, बोट सारखी एका बाजूला कललेली, अंग दुखेल पण वाट सरळ आहे.

तेव्हा सुट्टी मार्च ते जून अशी करून मिळते का बघा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गोवा सोडा, एप्रिल मालदीवमध्ये काढा, मे महिन्याच्या मध्याला गान सोडा. बॉस ऐकत नसेल तर यावर्षी फक्त मालदीव करा आणि मार्चअखेर परत या. मे उजाडायच्या आत बोट आत पाहिजे, तौक्ते वादळ १७ मे २०२१ ला गुजरातच्या किनाऱ्यावर आलं होतं, बडोद्यात झाडं पडलेली आठवत असतील. आपले कोळी लोक आगोट लागली की होड्या ओढतात आणि नारळी पौर्णिमेला परत दर्यात घालतात, ते कॅलेंडर पिढ्यानपिढ्या जिवावर बेतून तयार झालंय, त्याच्यापेक्षा शहाणं अ‍ॅप मला अजून दिसलेलं नाही. आणि १ डिसेंबरबद्दल सुद्धा सांगतो, २०१७ मध्ये ओखी वादळ बरोबर नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरच्या सुरुवातीला केरळ-लक्षद्वीपकडून वर आलं आणि कितीतरी मच्छीमार परत आलेच नाहीत. म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडासुद्धा हवामान खात्याचं बुलेटिन बघूनच.

अजून एक, विषुववृत्ताजवळ वारा पडतो, दिवसच्या दिवस शिडं नुसती फडफडतात आणि मधेच काळा ढग येऊन अर्धा तास झोडपून जातो. तीन-चार दिवस इंजिनवर जाता येईल एवढं डिझेल हवंच.

प्रश्न: मी २० वर्षांची आहे, युनिव्हर्सिटीत शिकते, पोहता चांगलं येतं. बडोद्यात राहून सेलिंग शिकता येईल का? घरी म्हणतात हे मुलींचं काम नाही. (सयाजीगंज)

घरच्यांना माझ्याकडून सांग की १० सप्टेंबर २०१७ ला नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली तारिणी नावाच्या ५६ फुटी बोटीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून २१ मे २०१८ ला गोव्यातच परत आल्या. बोट गोव्यात बांधलेली, कर्मचारी सगळ्या मुली. यापुढे मला या मुद्द्यावर काही बोलायचं नाही.

शिकायचं म्हणशील तर बडोद्यात पाण्यावर शिकण्याची सोय नाही, विश्वामित्री नदीत तर उतरायचंच नाही, मगरी आहेत. सुट्टीत मुंबई किंवा गोव्याला जाऊन डिंगीपासून, म्हणजे एक-दोन जणांच्या लहान शिडाच्या होडीपासून सुरुवात कर, भोपाळच्या मोठ्या तलावावरही सेलिंग चालतं आणि ते आपल्याला रेल्वेनं एका रात्रीचं आहे. मोठ्या बोटीचे कोर्स नंतर. लोकांना वाटतं थेट मोठी बोट शिकावी, पण डिंगीत वाऱ्याची चूक झाली की पुढच्या सेकंदाला आपण पाण्यात असतो, म्हणून ती लवकर शिकवते. मधल्या काळात घरी बसून गाठी शिक, बोलाइन गाठ डोळे मिटून पाठीमागं हात धरून बांधता आली पाहिजे, चार्ट म्हणजे समुद्राचे नकाशे वाचायला शिक, भरती-ओहोटीचं गणित शिक. आणि कपड्यांसकट पोहायचा सराव कर, ते खूप वेगळं असतं.

प्रश्न: भाऊ, माझा मुलगा मित्राच्या बोटीवर परदेशी जायचं म्हणतोय. बारा-बारा दिवस फोन लागणार नाही म्हणे. मी इथं काय करायचं? त्याला सॅटेलाइट फोन घेऊन दिला तर चालेल का? (दांडिया बाजार)

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला कारण माझी आई अशीच खिडकीत बसायची, आणि तेव्हा तर पत्रं यायची.

आधी सॅटेलाइट फोनचं. परवानगीशिवाय थुराया किंवा इरिडियमचा फोन भारतात नुसता जवळ बाळगणं सुद्धा गुन्हा आहे, ठाऊक नसलेल्या परदेशी पाहुण्यांना विमानतळावर पकडलेलं आहे. खिशात मावणारी मेसेज पाठवायची सॅटेलाइट यंत्रं येतात त्यांचंही तेच. तेव्हा प्रेमापोटी कुणाकडून परदेशातून मागवून देऊ नका, दूरसंचार विभागाची रीतसर परवानगी आधी काढायला सांगा, त्याला वेळ लागतो. मुलाला हौस असेल तर हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी यंत्राची परीक्षा द्यायला लावा, लायसन्स मिळालं की रोज ठरलेल्या वेळी कुणा हॅमवाल्याला आपण कुठं आहोत ते सांगता येतं.

जीव वाचवणारं यंत्र मात्र वेगळं आहे, त्याला इपर्ब म्हणतात. ४०६ मेगाहर्ट्झवर ते उपग्रहाला हाक मारतं, बोट बुडाली तरी तरंगत हाक मारत राहतं, आणि आपल्याकडे ती हाक बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात ऐकली जाते, तिथून तटरक्षक दलाला कळतं. पण ते बोटीच्या नावानं नोंदवलेलं पाहिजे, नाहीतर हाक कुणाची तेच कळत नाही. मुलाला दोन गोष्टी विचारा, नोंदणी केली का आणि बॅटरीची तारीख काय. नुसतं हो म्हणाला तर कागद दाखव म्हणा.

हे खरंच चालतं का असं तुमच्या मनात येईल. २१ सप्टेंबर २०१८ ला आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब या एकट्यानं पृथ्वीला फेरी मारायच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात असताना वादळात त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला, हलता येईना. ऑस्ट्रेलियापासून कितीतरी लांब, आसपास कुणी नाही. आपल्या नौदलाच्या विमानानं त्यांना शोधलं आणि ओसिरिस नावाच्या फ्रेंच जहाजानं तिसऱ्या दिवशी, २४ तारखेला, त्यांना उचललं. पुढं तेच टॉमी २०२३ मध्ये तीच शर्यत पूर्ण करून दुसरे आले. इतक्या लांब मदत पोचू शकते, हे तुम्ही मनात धरून ठेवा.

आता तुम्ही काय करायचं. एक वही करा. त्यात बोटीचं नाव, रंग, लांबी, इपर्बचा नंबर, बोटीवर कोण कोण आहे, त्यांच्या घरचे फोन, निघायची तारीख, कोणत्या वाटेनं जाणार, आणि दोन तारखा, पोचायची अपेक्षा कधी आणि काळजी कधी सुरू करायची. ही दुसरी तारीख मुलाकडूनच लिहून घ्या. बारा दिवसांची वाट असेल तर वारा पडून ती सतराची सहज होते, त्यामुळे तेराव्या दिवशी तुमची झोप उडायला नको. पण ठरलेली तारीख उलटली की एक तास सुद्धा वाट न बघता तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा आणि वहीतलं सगळं सांगा. घरातून आलेली नेमकी माहिती शोधणाऱ्यांना फार उपयोगी पडते.

प्रश्न: परदेशी बंदरात बोट घेऊन शिरलं की नेमकं काय होतं? एअरपोर्टसारखी लाइन असते का? व्हिसा कुठं मारतात? (रावपुरा)

लाइन नसते. आपणच एअरपोर्टचं विमान असतो, आपणच पायलट आणि आपणच प्रवासी, आणि सगळ्यांचे कागद एकाच माणसाच्या, म्हणजे कॅप्टनच्या गळ्यात.

सुरुवात परदेशात होत नाही, भारतात होते. गोव्यातून निघणार असाल तर मुरगावला इमिग्रेशनचा शिक्का, कस्टम्स, आणि बंदराचं क्लिअरन्स, म्हणजे ही बोट आमचं काही देणं न ठेवता अमुक तारखेला अमुक बंदराकडे गेली असा कागद. पुढच्या बंदरात सगळ्यात आधी हाच कागद मागतात. तो नसेल तर तुम्ही कुठून आलात याला पुरावाच नाही.

मग त्या देशाच्या किनाऱ्यापासून बारा मैलांच्या आत आलात की पिवळा झेंडा चढवायचा. त्याचा अर्थ बोटीवर कुणी आजारी नाही आणि आम्हाला आत यायची परवानगी द्या. उजव्या बाजूला त्या देशाचा छोटा झेंडा, मान म्हणून, तो फाटका किंवा उलटा असेल तर लोक खरंच दुखावतात, म्हणून निघायच्या आधीच प्रत्येक देशाचा नवा शिवून घ्या, आपल्या मंगळबाजारात शिवून मिळेल. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर बंदराला हाक मारायची, ते सांगतील तिथं नांगर टाकायचा आणि थांबायचं. कितीही दिवस समुद्रावर काढले असले, समोर हॉटेलचे दिवे दिसत असले, तरी अधिकारी येऊन गेल्याशिवाय जमिनीवर पाय ठेवायचा नाही, शेजारच्या बोटीवर चहाला सुद्धा जायचं नाही. परवानगी मिळाली की पिवळा झेंडा उतरवायचा.

व्हिसाबद्दल मोठा गैरसमज आहे. भारतीयांना मालदीवला आणि मॉरिशसला आधी व्हिसा काढावा लागत नाही हे खरं, पण विमानानं येणाऱ्याला आणि बोटीनं येणाऱ्याला नियम सगळीकडे सारखे नसतात, काही ठिकाणी परतीचं तिकीट मागतात आणि बोटीनं आलेल्याकडे तिकीट कुठून असणार. बोटीला वेगळी परवानगी, तिथला एजंट, त्याची फी, हे सगळं ईमेलनं आधी विचारून उत्तर छापून बरोबर ठेवायचं. ऑस्ट्रेलियाला पोचायच्या किमान १२ तास आधी कळवावं लागतं आणि व्हिसा आधीच हातात हवा, न्यूझीलंडला ४८ तास आधी, शिवाय तिथं बोटीच्या बुडाला शेवाळ-शिंपले चिकटलेले चालत नाहीत. तिथं आपलं 'चालशे' चालत नाही.

आणखी एक जे कुणी सांगत नाही. बोटीवरचा प्रत्येक माणूस कॅप्टनची जबाबदारी असतो. वाटेत मित्राचं मन भरलं आणि त्याला विमानानं घरी जायचं असेल तर आधी अधिकृतपणे क्रू लिस्टमधून नाव कमी करावं लागतं, तसाच निघून गेला तर त्याचा हिशोब कॅप्टनकडे मागतात. म्हणून अनोळखी माणूस बोटीवर घेताना त्याचा परतीचा खर्च आधी बाजूला ठेवून घ्या.

माझीच गोष्ट सांगतो. हिंदी महासागरातलं एक बंदर, नाव नको. आमच्या क्लिअरन्सवर दुसऱ्याच बंदराचं नाव होतं, वारा फिरला म्हणून आम्ही वाट बदलली होती. पोचलो गुरुवारी संध्याकाळी, तिथं शुक्र-शनि सुट्टी. अधिकारी म्हणाला तुमचा कागद इथला नाही. आम्ही पिवळ्या झेंड्याखाली रविवारपर्यंत पडून राहिलो, पाणी मोजून, किनारा तीनशे मीटरवर. शेवटी सोडवलं ते लॉगबुकनं. मी दर तीन तासांनी जागा, वारा, हवेचा दाब आणि वाट बदलली त्या वेळेचं कारण पेनानं लिहिलेलं होतं, अधिकाऱ्यानं दहा मिनिटं शांतपणे वाचलं आणि शिक्का दिला. तेव्हापासून पोचायच्या तारखेत मी हवेबरोबर त्या देशाच्या सुट्ट्याही बघतो. मालदीवला शुक्र-शनि. मॉरिशसला गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, तिथं एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी लोकांची वस्ती आहे आणि गणपती बसतात. पोर्ट लुईला चतुर्थीच्या दोन दिवस आधी पोचलात तर कागद वेळेत होतील आणि परदेशात मराठीत आरती ऐकायला मिळेल. आरतीच्या दिवशी पोचलात तर नांगरावरूनच हात जोडावे लागतील.

प्रश्न: वीस दिवसांचं खाणं काय न्यावं? माझी बायको मसाले, भाजणी, सगळं घरचं करून देणार आहे. (मांजलपूर)

भाजणी, मेतकूट, भाकरवडी, सुका चिवडा, कोकम, लिंबाचं लोणचं, अगदी उत्तम, बोट हलत असताना गरम मेतकूट-भातासारखं दुसरं काही पोटात राहत नाही. कुकर हवाच, झाकण बंद असतं म्हणून उकळता पदार्थ अंगावर येत नाही. कांदे आणि बटाटे वेगवेगळे ठेवा, एकत्र ठेवले की लवकर खराब होतात. अंडी न धुतलेली घ्या आणि दोन दिवसांनी उलटत रहा. पाणी माणशी रोज चार लिटर धरा आणि एकाच टाकीत ठेवू नका, एक टाकी फुटली तर सगळं गेलं असं व्हायला नको.

पण वहिनींना एक निरोप द्या, मसाल्यात खसखस घालू नका. ही गोष्ट मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. यूएई आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे, ती अफूच्या बोंडातलं बी म्हणून अमली पदार्थात मोजतात, आणि आपल्याकडच्या मसाल्याच्या डब्यामुळे लोक तुरुंगात गेलेले आहेत. अनारसे सुद्धा त्याच यादीत. औषधांचंही तसंच, कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडोलच्या गोळ्या आपल्याकडे सहज घरात असतात, आखाती देशांत त्या परवानगीशिवाय नेणं गुन्हा आहे. प्रत्येक औषधाला डॉक्टरची चिठ्ठी हवी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे जाणार असाल तर मध, अंडी, ताजी फळं, बिया, मोड येतील अशी कडधान्यं पोचायच्या आधी संपवा आणि जे उरलं असेल ते सगळं स्वतःहून सांगा, लपवलेलं सापडलं तर दंड मोठा असतो.

खाण्याबरोबर उलट्यांचंही सांगतो, पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना होतात. आलेपाक बरोबर ठेवा, क्षितिजाकडे बघा, आणि डॉक्टरनं दिलेली गोळी निघायच्या आधी घ्या, नंतर ती पोटात टिकत नाही.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको, ५८ आणि ५४, दोघंच जाऊ शकतो का? (अलकापुरी)

जाऊ शकता. आपल्या नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ मध्ये तारिणीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. प्रश्न वयाचा नाही, झोपेचा आहे. दोघांत एक कायम जागा हवा, तीन तास तू तीन तास मी, आणि हे पंधरा दिवस. क्षितिजावर दिसलेलं मोठं जहाज वीसेक मिनिटांत आपल्या अंगावर येऊ शकतं, म्हणून दर दहा मिनिटांनी चारी बाजूंना नजर फिरवायची. पण त्याआधी घरी एक आठवडा ही पाळी करून बघा, अलार्म लावून. तिसऱ्या रात्री एकमेकांशी कसं बोलता ते बघा आणि मग ठरवा.

प्रश्न: मी बारावीत आहे. तुम्ही मागं लिहिलं होतं की नवीन बंदरात रात्री कधीच शिरायचं नाही. जीपीएस असताना का? (कारेलीबाग)

कारण जीपीएस तू कुठं आहेस ते सांगतं, समोर काय आहे ते नकाशा सांगतो, आणि नकाशा माणूस वाचतो.

२९ नोव्हेंबर २०१४ ला जगातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतींपैकी एकीतली टीम वेस्तास विंड ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोस नावाच्या प्रवाळ खडकांवर रात्री भर वेगात आदळली. बोटीवर नऊ जण, सगळे तरबेज, यंत्रं उत्तम. इलेक्ट्रॉनिक नकाशा पुरेसा झूम करून बघितला नव्हता, आणि लांबून बघताना ते खडक त्यावर नीट दिसत नव्हते. सगळे वाचले, बोट मोडली. वाघोडिया रोडच्या मित्रांनी हे नीट वाचावं, गान ते पोर्ट लुई सरळ रेघ ओढली तर हे खडक त्या रेघेपासून जेमतेम चाळीस-पन्नास मैलांवर पश्चिमेला आहेत आणि आग्नेयेचा वारा बोटीला त्यांच्याच बाजूला ढकलतो. रेघ पूर्वेकडे सरकवा, आणि निघायच्या आधी पूर्ण वाट इंच इंच झूम करून बघा.

बंदराच्या तोंडाशी तर अजून वाईट. मागं शहराचे हजार दिवे, त्यात बोयाचा, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेचा, लुकलुकणारा दिवा हरवतो, मच्छीमारांच्या जाळ्यांना दिवाच नसतो, आणि आपण दोन आठवडे धड न झोपलेले. अशावेळी मन म्हणतं चला आता पोचलोच आहोत. मी स्वतः अशा वेळी रात्रभर बाहेर थांबलोय, पुढचं शीड उलट्या बाजूला घेऊन सुकाणू विरुद्ध बांधलं की बोट जवळजवळ जागेवर राहते, याला हीव-टू म्हणतात, मग आळीपाळीनं झोपायचं आणि सूर्य डोक्याच्या जरा मागं असताना आत शिरायचं, तेव्हा पाण्याच्या रंगावरून खोली कळते.

आणि तुला एक आपल्या गावाजवळची गोष्ट सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी भरुच जगातल्या मोठ्या बंदरांपैकी होतं आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्यानं लिहून ठेवलंय की इथल्या आखातात भरतीचं पाणी इतक्या जोरात चढतं की अनोळखी जहाजं उलटतात, म्हणून राजाचे मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत समोर जायचे आणि परदेशी जहाजाला ओढून आत आणायचे, भरतीवर पुढं सरकायचं आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल जागी नांगरून थांबायचं. म्हणजे परक्या बंदरात शिरताना थांबायचं असतं हे भरुचच्या मच्छीमारांना तेव्हाच ठाऊक होतं.

ते पाणी अजून तसंच चढतं, भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, मॉरिशसला अर्धा मीटर. एखाद्या रविवारी बाबांना घेऊन कावी-कंबोईला जा, जंबुसरच्या पुढं, स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत पूर्ण पाण्याखाली जातं. अमावस्या किंवा पौर्णिमेच्या जवळचा दिवस धर, तेव्हा उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ते एवढं चढत नाही. भरतीची वेळ आधी काढ, तीन तास आधी पोच, पायऱ्यांवर खूण धर आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी किती चढलं ते वहीत लिही. पहिल्या तासात सगळ्यात जास्त चढेल, शेवटच्या तासात सगळ्यात कमी. आकडे मला पाठव, पुढच्या अंकात आपण त्यावरून भरतीचं गणित मांडू.